विद्यावेतन जमा झालं, पण माझ्या खात्यात नाही! आधार सीडिंग म्हणजे नेमकं काय?



2024 ची दिवाळी झाली, तरी माझ्या भाचीचं विद्यावेतन आलं नव्हतं. ती मूर्तिजापूरची, आयटीआय झालेली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून अकोल्यातल्या एका कार्यालयात ती लागली होती. रोज सकाळी रेल्वेने अकोला, संध्याकाळी परत. दोन महिने झाले, पासबुकात एक रुपया नाही. सोबत लागलेल्या दोघींचे पैसे मात्र आले होते.

फोनवर म्हणाली, "मामा, बाबा म्हणतात सोडून दे आता. जायाचे पैसे बी घरूनच लागून राह्यले."

मी अमरावतीत राहतो. रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि मूर्तिजापूरला उतरलो. अर्ध्या तासात पैसे सापडले. ते कुठे अडकले नव्हते, भलत्याच खात्यात गेले होते. वऱ्हाडात किती जणांचं असं होतं, हे मला तेव्हापासून दिसायला लागलं. म्हणून हा लेख.

आधी योजना थोडक्यात

ही योजना राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये सुरू केली. वय 18 ते 35. महिन्याचं विद्यावेतन शिक्षणावर ठरतं:

- बारावी पास: 6,000 रुपये
- आयटीआय किंवा पदविका: 8,000 रुपये
- पदवीधर किंवा पदव्युत्तर: 10,000 रुपये

सुरुवातीला मुदत 6 महिने होती, 2025 मध्ये ती 11 महिने केली. नोंदणी महास्वयं पोर्टलवर होते. हे प्रशिक्षण आहे, कायमची नोकरी नाही, हे आधीच लक्षात ठेवा. कार्यालय तुमची हजेरी कळवतं आणि पैसे सरकारकडून थेट तुमच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. सगळी गंमत या "आधारशी जोडलेल्या" शब्दांत आहे.

फॉर्मवरचा खाते क्रमांक कामाचा का नाही?

भाचीने फॉर्मवर आपल्या नेहमीच्या बँकेचा नंबर लिहिला होता आणि त्याच बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स दिली होती. तरी पैसे तिथे आले नाहीत. कारण अशा योजनांचे पैसे खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर पाठवले जातात.

हे काम आधार पेमेंट ब्रिज नावाची यंत्रणा करते. ती एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवते. तिच्याकडे एक मोठी यादी असते, तिला मॅपर म्हणतात. या यादीत तुमचा खाते क्रमांक नसतोच. फक्त दोन गोष्टी असतात: तुमचा आधार क्रमांक आणि एका बँकेचा कोड.

टपालासारखं समजा. मोठ्या टपाल कार्यालयात पत्रावरचं गाव तेवढं पाहतात. घर कोणतं, ते त्या गावच्या पोस्टमनला माहीत. तसंच एनपीसीआय फक्त बँक पाहतं आणि पैसे तिकडे पाठवतं. पुढे त्या बँकेत ज्या खात्याला आधार जोडलं असेल, त्या खात्यात बँक पैसे टाकते.

आणि मॅपरमध्ये एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते. तुमची चार खाती असली, तरी जी बँक शेवटी नोंदवली गेली, तिथेच पैसे जातात.

"माझं आधार तर लिंक आहे!"

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. पण लिंक आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिंक म्हणजे बँकेने ओळख पटवायला तुमचं आधार खात्याला जोडलं. सीडिंग म्हणजे अनुदानाचे पैसे याच बँकेत यावेत अशी संमती तुम्ही दिली आणि बँकेने ती एनपीसीआयच्या यादीत नोंदवली. केवायसी झालं म्हणून सीडिंग झालं असं नाही.

उलटंही होतं. सिमकार्ड घेताना अंगठा लावला, सोबत एक खातं उघडलं गेलं आणि सीडिंग तिकडे वळलं. 2017 मध्ये देशात लाखो ग्राहकांची गॅस सबसिडी अशीच एका पेमेंट बँकेच्या खात्यांत जात होती. त्यावर मोठा गदारोळ झाला. त्यानंतर जुनी बँक बदलण्यासाठी ग्राहकाच्या स्पष्ट संमतीचे नियम कडक झाले. पण त्याआधीची कितीतरी खाती लोक विसरून गेले आहेत.

आम्ही काय केलं?

1. मोबाइलवर यूआयडीएआयची माय आधार वेबसाइट उघडली.

2. आधार क्रमांक टाकला. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर भाऊजींचा निघाला आणि भाऊजी कापूस वेचणीला वावरात! फोन लावला, त्यांनी ओटीपी वाचून सांगितला. (घरच्या माणसाशिवाय कोणालाही ओटीपी सांगू नका.)

3. आत "बँक सीडिंग स्टेटस" उघडलं. तिथे बँकेचं नाव, सीडिंग चालू की बंद आणि तारीख दिसते.

बँकेचं नाव वाचून भाची म्हणाली, "हे खातं मी कधी काढलं?" मग आठवलं. बारावीत असताना गावातल्या दुकानात सिम घेतलं होतं, त्या दिवशीचं. त्या खात्यात 16,000 रुपये पडून होते. ते आम्ही काढून घेतले.

बँक कशी बदलायची?

सोमवारी ती नेहमीच्या बँकेत गेली. तिथे "आधार लिंक करा" एवढंच म्हणू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म द्या" असं म्हणा. फॉर्ममध्ये आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर तिचं नाव लिहायचं असतं. तो रकाना रिकामा सोडू नका. त्याच बँकेत तुमची दोन खाती असतील, तर कोणत्या खात्यात पैसे हवेत तेही लिहा. पोच घ्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा, नवीन बँकेचं नाव दिसलं की काम झालं.

आधारला मोबाइलच जोडलेला नसेल, तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो जोडून घ्या. माहितीसाठी 1947 हा नंबर आहे.

हे फक्त विद्यावेतनापुरतं नाही

लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये, पीएम किसानचा हप्ता, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सगळीकडे हाच रस्ता. रोजगार हमीची मजुरीही 1 जानेवारी 2024 पासून आधारवरूनच देणं सक्तीचं झालं. म्हणजे एकदा सीडिंग बदललं, की या सगळ्यांचे पैसे नव्या बँकेत जातील. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. धंद्यासाठी पीएमईजीपीमधून कर्ज घेतलं, तर 15 ते 35 टक्के अनुदान असतं. ते तुमच्या बचत खात्यात येत नाही. कर्ज देणारी बँकच ते तुमच्या नावाने 3 वर्षं ठेव म्हणून ठेवते आणि नंतर कर्जात वळतं करते. त्यामुळे "सबसिडी लवकर खात्यात टाकून देतो, आधी एवढे पैसे द्या" असं कोणी म्हणालं, तर सरळ दरवाजा दाखवा.

भाचीने प्रशिक्षण सोडलं नाही. पुढच्या महिन्याचं विद्यावेतन तिच्या नेहमीच्या खात्यात आलं आणि पहिल्यांदा रेल्वेचा पास तिने स्वतःच्या पैशातून काढला. दोन महिने घरात जो ताण होता, त्याचं कारण पाच वर्षांपूर्वी दुकानात लावलेला एक अंगठा होता.

तुम्ही कोणत्याही योजनेचा अर्ज भरणार असाल, तर पैसे अडकायची वाट पाहू नका. अर्ज करायच्या आधीच सीडिंग स्टेटस पाहून घ्या.