पाच लाखांची आरोग्य योजना : ऐकीव किती, खरं किती?

सातारा-सांगलीकडे घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले येतात. ‘ते गरिबांपुरतं असतं’, ‘पाच लाख खात्यात येतात’, ‘कोर्टात अडकलंय म्हणे’. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडून चालते. नियम बदलत गेले, सल्ले मात्र जुनेच राहिले.

गैरसमज : पांढऱ्या रेशनकार्डावर काही मिळत नाही.
वस्तुस्थिती : पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डांवर भर होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना योजना खुली झाली आणि १ जुलै २०२४ पासून अंमलबजावणी सुरू झाली. त्यामुळे बागायतदार असो वा पेन्शनर, कार्डाचा रंग आता आड येत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून ‘वय वंदना’ कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही.

गैरसमज : पाच लाख माणशी मिळतात, तेही हातात.
वस्तुस्थिती : पाच लाखांची मर्यादा अख्ख्या कुटुंबाला मिळून, वर्षाला आहे. पैसे रुग्णालयाला जातात, तेही यादीतल्या उपचारांपुरतेच. २०२३ च्या निर्णयात ती यादी १,३५६ उपचारांची होती. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला मर्यादा साडेचार लाखांची. थंडीतापाला डॉक्टरांना दाखवून गोळ्या घेतल्या, तर तो खर्च यात बसत नाही. उलट मंजूर पॅकेजमध्ये जनरल वॉर्ड, शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधं आणि जेवणही धरलेलं असतं. त्याच गोष्टींसाठी वेगळे पैसे मागितले, तर ते योजनेच्या नियमात बसत नाही.

गैरसमज : धर्मादाय रुग्णालय म्हणजे हीच योजना.
वस्तुस्थिती : या दोन वेगळ्या वाटा आहेत. फुले योजना फक्त अंगीकृत, म्हणजे सरकारशी करार केलेल्या रुग्णालयांत चालते. तिथला आरोग्यमित्र कागद पाहून पूर्वमंजुरीचं काम करतो. धर्मादाय रुग्णालयांवरचं बंधन मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ‘कक’मधून येतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजनाच आखून दिली : दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्यासाठी रुग्णालयाने बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची. रुग्णालय फुले योजनेत नसलं, तरी ते धर्मादाय आहे का, हे विचारायला हवं.

गैरसमज : आयुष्मान भारत कोर्टाने थांबवली.
वस्तुस्थिती : दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारला केंद्राशी करार करायला सांगितलं होतं, पण तो आयुष्मान भारतच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य पायाभूत सुविधांच्या मोहिमेसाठी (पीएम-अभीम), उपचारांच्या योजनेसाठी नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. स्थगिती आदेशाला होती, योजनेला नव्हती. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा घटनेनुसार राज्यसूचीतला विषय आहे, म्हणून केंद्राची योजना राज्यावर लादता येते का, हा तिथला वाद. पुढे दिल्लीत सरकार बदललं आणि एप्रिल २०२५ मध्ये करारही झाला.   

गैरसमज : सीमाभागातल्या मराठी माणसाला ही योजना मिळणारच नाही.
वस्तुस्थिती : उपचारासाठी मिरजेला येणं तिकडच्या गावांना नवं नाही. महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, त्यांना २०२३ मध्ये फुले योजना लागू करण्याचा निर्णय झाला. कर्नाटक सरकारने त्याला जोरदार विरोध केला. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; तो दावा गावांवरचा आहे, आरोग्य योजनेवरचा नव्हे.

गैरसमज : उपचार फुकट, मग तक्रार कशाची करणार?
वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलं, की उपचाराचे पैसे रुग्णाऐवजी विमा कंपनीने भरले, तरी ती ग्राहक कायद्याखालची सेवाच ठरते. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, अशी रुग्णालयं मात्र त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे खासगी रुग्णालयातल्या योजनेच्या रुग्णालाही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याला आधार आहे. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तरी मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे तिच्याकडे आहेत.

योजनेवरून सर्वोच्च न्यायालयात जाणारे वाद सरकारांचे असतात. सामान्य माणसाचा वाद रुग्णालयाच्या काउंटरवरच होतो. ‘योजनेत बसत नाही’ असं उत्तर मिळालं, तर का बसत नाही, ते लिहून आणि सही करून मागावं. जास्तीचे पैसे घेतले, तर पावती घ्यावी. नुसता तोंडी नकार आयोगापुढे सिद्ध करणं अवघड जातं. हातात कागद असला की विचारणा करता येते.