इंग्रजी परीक्षा-निबंधातील स्वमताची भाषा

इंग्रजी परीक्षेतील औपचारिक निबंधात ‘आय’ हे सर्वनाम वापरू नये, असा एक समज आपल्या विद्यार्थिवर्गात दृढमूल झालेला आढळतो. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणारे अनेक मराठीभाषक विद्यार्थी आयईएलटीएस ही परीक्षा देतात, आणि तीत ठरलेली श्रेणी न मिळाल्यास त्यांचा प्रवेशच अडून राहतो. तेव्हा या समजाला आधार कोणता, आणि स्वमत मांडण्याचे इंग्रजीतील प्रशस्त मार्ग कोणते, याचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. १९८९ पासून या नावाने चालू असलेल्या या परीक्षेत लेखनासाठी एक तास असतो व दोन प्रश्न सोडवावयाचे असतात. उच्च शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत पहिला प्रश्न आलेख, कोष्टक किंवा नकाशा यांच्या वर्णनाचा असून त्यास किमान १५० शब्द अपेक्षित आहेत. दुसरा प्रश्न निबंधाचा. त्यास किमान २५० शब्द लिहावे लागतात व सुमारे ४० मिनिटे द्यावीत असे सुचविलेले असते. या निबंधाचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट धरले जाते. आलेखाच्या वर्णनात लेखकाच्या मताला स्थान नाही, हे खरे. परंतु तोच निर्बंध निबंधास लावला की घोटाळा होतो. कारण निबंधाचा प्रश्नच मुळी ‘टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अ‍ॅग्री ऑर डिसअ‍ॅग्री?’ असा, किंवा दोन्ही बाजूंची चर्चा करून स्वतःचे मत द्या, असा असतो. इतकेच नव्हे, तर स्वतःच्या ज्ञानातील वा अनुभवातील उदाहरणे द्यावीत, अशी सूचनाही प्रश्नासोबत छापलेली असते. गुणदानाच्या चार निकषांपैकी पहिल्यात परीक्षार्थीची भूमिका स्पष्ट आहे की नाही, हे पाहिले जाते. ज्या उत्तरात भूमिका मागितली आहे, त्यात भूमिका घेणारा लपून कसा राहील?

‘आय’ टाळण्यासाठी विद्यार्थी बहुधा ‘इट इज थॉट दॅट’ किंवा ‘इट इज बिलीव्ह्ड दॅट’ अशा कर्मणी रचनांचा आश्रय घेतात. या रचना व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. पण त्यांचा अर्थ ‘असे मानले जाते’ एवढाच होतो. मानणारा कोण, हे त्यातून कळत नाही. इंग्रजी वाचक तर ते लोकमत समजतो व आता लेखक त्याचे खंडन करील अशी अपेक्षा धरतो. खंडन आले नाही म्हणजे भूमिका धूसर होते.

मराठीच्या वळणाचाही येथे संबंध आहे. ‘मला वाटते’ या रचनेत मताचा धनी चतुर्थीत येतो. मत हे जणू त्याच्याकडे आपण होऊन आलेले असते. त्याचे भाषांतर अनेकदा ‘आय फील’ असे केले जाते. इंग्रजीत ते भावनेकडे झुकते. युक्तिवादात ‘आय बिलीव्ह’ किंवा ‘आय वुड आर्ग्यू’ अधिक शोभते. जुन्या नियतकालिकांतील संपादकीय ‘आम्ही’ नम्रतादर्शक म्हणून आपल्या परिचयाचे आहे. परंतु एकट्या परीक्षार्थीने ‘वुई’ लिहिल्यास वाचक त्यात स्वतःलाही मोजतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न मताच्या बळाचा आहे. जॉर्ज लेकॉफ यांनी १९७२ मध्ये ‘हेज’, म्हणजे कुंपण, ही संज्ञा अशा शब्दांसाठी वापरली, की जे विधानाची व्याप्ती कमी-अधिक निश्चित करतात. पुढे केन हायलंड यांनी शास्त्रीय लेखनाच्या अभ्यासात अशा शब्दांची व त्यांच्या उलट, विधानास जोर देणाऱ्या शब्दांची विस्तृत चिकित्सा केली. २००२ मधील त्यांच्या एका निबंधात असे दिसून आले, की हाँगकाँगमधील पदवीच्या विद्यार्थ्यांपेक्षा प्रथितयश संशोधकच स्वतःचा उल्लेख अधिक मोकळेपणाने करतात. म्हणजे ‘आय’ टाळणे हे प्रौढ लेखनाचे लक्षण आहे, ही समजूत खुद्द शास्त्रीय गद्यातही सर्वस्वी टिकत नाही.

मराठीत बळाच्या पायऱ्या आहेतच. ‘शहराच्या मध्यभागी खाजगी मोटारींवर बंदी घालावी’, ‘बंदी घातली पाहिजे’ आणि ‘बंदी घातलीच पाहिजे’ या तीन विधानांत जोर वाढत जातो, आणि शेवटच्या पायरीवर ते काम ‘च’ हे एकाक्षरी अव्यय करते. इंग्रजीत ‘च’ नाही. तेथे हा भार सहायक क्रियापदांवर व क्रियाविशेषणांवर पडतो. ‘पाहिजे’ म्हटले की ‘मस्ट’ लिहावयाचे, या सवयीमुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधातील प्रत्येक सूचना आज्ञेसारखी वाटते. ‘घालावी’ व साधे ‘घातली पाहिजे’ यांस ‘शुड’ पुरेसे आहे, ‘मस्ट’ हे ‘घातलीच पाहिजे’साठी राखावे, आणि परिणामांविषयी बोलताना ‘मे’, ‘माइट’, ‘इज लाइकली टू’ यांचा उपयोग करावा.

तसेच, मत प्रत्येक वाक्यात ‘आय’ने सुरू करण्याची आवश्यकता नाही. प्रास्ताविकात एकदा ‘आय बिलीव्ह’ म्हणून भूमिका घेतल्यावर पुढील परिच्छेदांत क्रियापदांची निवडच ती पुढे नेते. विरोधकांविषयी ‘दे क्लेम’ लिहिले की लेखक त्यांच्यापासून दूर उभा राहतो. ‘दे पॉइंट आउट’ लिहिले की त्यांचे म्हणणे तो मान्य करतो. ‘धिस अर्ग्युमेंट ओव्हरलुक्स द नीड्स ऑफ द एल्डर्ली’ या वाक्यात ‘आय’ कोठेही नाही. तरी ‘ओव्हरलुक्स’ या एका शब्दात लेखकाचा संपूर्ण निर्णय आला आहे. समारोपात भूमिका पुन्हा सांगताना ‘इन माय व्ह्यू’ पुरेसे होते. ‘इन माय पर्सनल ओपिनियन, आय थिंक’ ही एकाच गोष्टीची त्रिवार उक्ती होय. तिने शब्दसंख्या वाढते, मताचे बळ वाढत नाही.

सारांश, शिक्षकांनी विद्यार्थ्यास ‘आय’ वापरावे की न वापरावे, हा नियम देण्याऐवजी तीन प्रश्न द्यावेत: प्रश्नपत्रिकेने मत मागितले आहे काय, प्रत्येक विधान कोणाचे आहे हे वाचकास कळते काय, आणि पुरावा जेवढा आहे तेवढाच जोर विधानात आहे काय. पाठ केलेल्या वाक्यांनी या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. त्यासाठी विद्यार्थ्यास त्या विषयावर खरोखरच काही मत असावे लागते, आणि ते बनविण्याची सवय मराठीच्या वर्गातील निबंधापासूनच लावली, तर इंग्रजीच्या परीक्षेत फक्त भाषेची अडचण उरेल.