मांजरांमधील हर्पिस विषाणू संसर्ग

मांजरांमधील हर्पिस विषाणू संसर्ग हा मार्जारकुलातील प्राण्यांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गाच्या वरच्या भागाला होणारा विषाणुजन्य रोग आहे. तो फेलाइन हर्पिसव्हायरस-१ (एफएचव्ही-१) या विषाणूमुळे होतो. बोलीभाषेत 'कॅट फ्लू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराच्या दोन प्रमुख कारणांपैकी हा एक असून दुसरे कारण कॅलिसिव्हायरस हे आहे. एकदा शिरकाव झाल्यावर हा विषाणू बहुतेक मांजरांच्या शरीरात आयुष्यभर सुप्त स्वरूपात राहतो. त्यामुळे यावरील संशोधन विषाणूच्या समूळ उच्चाटनापेक्षा त्याची पुनर्जागृती रोखणे आणि लक्षणे आटोक्यात ठेवणे या दिशेने झाले आहे. माणसाला या विषाणूची बाधा होत नाही.

शोध व वर्गीकरण

हा विषाणू अमेरिकेतील आर. ए. क्रँडेल व एफ. डी. मॉरर यांनी मांजराच्या पिलांपासून विलग केला व १९५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. क्रँडेल यांनी सहकाऱ्यांसह मांजराच्या मूत्रपिंडापासून तयार केलेली पेशीवंशमाला १९७३ मध्ये वर्णिली गेली. मांजरांचे विषाणू प्रयोगशाळेत वाढविण्यासाठी ती आजही वापरली जाते.

एफएचव्ही-१ हा अल्फाहर्पिस उपकुलातील व्हॅरिसेलोव्हायरस या प्रजातीसमूहात मोडतो. माणसात कांजिण्या व नागीण हे रोग घडवणारा विषाणूही याच समूहातील आहे. एफएचव्ही-१ चा जनुकसंच दुपदरी डीएनएचा असून त्याची लांबी सुमारे १ लाख ३६ हजार बेस-जोड्या आहे. त्याचा संपूर्ण अनुक्रम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

संसर्ग व लक्षणे

बाधित मांजराच्या नाकातील, डोळ्यांतील व तोंडातील स्रावांतून विषाणू बाहेर पडतो. निकटचा संपर्क, शिंका आणि सामायिक भांडी यांवाटे तो पसरतो. विषाणूला मेदयुक्त आवरण असल्यामुळे शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही. ओलसर जागी तो जास्तीत जास्त १८ तासांपर्यंत टिकतो व सामान्य जंतुनाशकांनी नष्ट होतो.

संसर्गानंतर साधारण २ ते ६ दिवसांत शिंका, ताप, नाक वाहणे, डोळे लाल होणे व त्यांतून चिकट स्राव येणे ही लक्षणे दिसतात. नाक चोंदल्यामुळे वास येत नाही आणि मांजर खाणे सोडते. लहान पिलांमध्ये त्यावर जिवाणूंचा संसर्ग होऊन न्यूमोनिया व मृत्यू ओढवू शकतो. डोळ्याच्या पारदर्शक पटलावर (स्वच्छमंडल) झाडाच्या फांद्यांसारखे पसरणारे व्रण हे या विषाणूचे विशेष लक्षण मानले जाते. वारंवार व्रण झाल्यास पटल धूसर होऊन दृष्टी अधू होते.

सुप्तावस्थेवरील संशोधन

तीव्र आजार ओसरल्यावर विषाणू मुख्यतः चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या त्रिमूल तंत्रिकेच्या गुच्छिकांमध्ये दडून राहतो. या अवस्थेत नवे विषाणू तयार होत नाहीत, त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीला तो सापडत नाही आणि औषधांचाही त्यावर परिणाम होत नाही.

रोझलिंड गॅस्केल व आर. सी. पोवी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून, बरी झालेली मांजरे पुन्हा विषाणू बाहेर टाकू लागतात हे स्पष्ट झाले. कॉर्टिकोस्टेरॉईड औषधे दिल्यावर हे प्रमाण सर्वाधिक होते. पिलांना दूध पाजणाऱ्या माद्यांमध्ये ते सुमारे ४० टक्के, तर नव्या जागी हलविलेल्या मांजरांमध्ये सुमारे १८ टक्के आढळले. ताण आल्यानंतर विषाणू लगेच बाहेर पडत नाही. साधारण आठवडाभराचा काळ मध्ये जातो. निरोगी दिसणारी मादी स्वतःच्या पिलांना बाधित कशी करते, याचा उलगडा यातून झाला.

निदान

पापणीच्या आतील किंवा घशातील नमुन्याची पीसीआर चाचणी करून विषाणूचा डीएनए शोधला जातो. निरोगी वाहक मांजरातही ही चाचणी सकारात्मक येऊ शकते, तसेच क्षीणित विषाणूची लस दिली असल्यास तिचा डीएनएही आढळू शकतो. म्हणून चाचणीचा अर्थ लक्षणांच्या जोडीनेच लावला जातो.

उपचारांवरील संशोधन

माणसाच्या हर्पिसवरील औषधे मांजराला तशीच देता येत नाहीत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हॅलासायक्लोव्हिर मोठ्या मात्रेत दिलेल्या मांजरांचे यकृत, मूत्रपिंड व अस्थिमज्जा यांना गंभीर इजा झाली आणि विषाणूची वाढही रोखली गेली नाही. फॅमसायक्लोव्हिर हे औषध मात्र मांजरांमध्ये तुलनेने सुरक्षित व परिणामकारक ठरले. डोळ्यांसाठी सिडोफोव्हिरचे थेंब वापरले जातात. तापावर घरगुती उपाय म्हणून दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी प्राणघातक असते.

लायसिन हे अमिनो आम्ल विषाणूला लागणाऱ्या आर्जिनिनची जागा अडवते, या कल्पनेवर ते अनेक वर्षे पूरक म्हणून दिले जात होते. सेबास्टियान बॉल व एव्हेलिन बुन्निक यांनी २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेऊन लायसिनचा प्रतिबंधासाठी वा उपचारासाठी उपयोग होत नाही, असा निष्कर्ष काढला. काही अभ्यासांत लायसिन घेणाऱ्या मांजरांचा आजार अधिक तीव्र झाल्याचेही दिसले होते.

लसीकरण

जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने (वासवा) ही लस सर्व मांजरांसाठी आवश्यक लसींत धरली आहे. ती कॅलिसिव्हायरस व पॅनल्यूकोपेनियावरील लसींसह एकत्रित दिली जाते. पहिली मात्रा ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देतात आणि पुढील मात्रा वय १६ आठवड्यांचे होईपर्यंत किंवा त्यापुढे ठरावीक अंतराने दिल्या जातात. लसीमुळे आजाराची तीव्रता कमी होते. संसर्ग व सुप्तावस्था मात्र पूर्णपणे टळत नाही.

वन्य मार्जारकुल व महाराष्ट्र

घरगुती मांजराखेरीज मार्जारकुलातील इतर प्राण्यांनाही या विषाणूची बाधा होते. बंदिस्त चित्त्यांमध्ये त्यामुळे चेहऱ्यावर व पायांवर दीर्घकाळ न भरणारे त्वचेचे व्रण झाल्याच्या नोंदी आहेत.

प्राण्यांचे स्थलांतर ही प्राणिसंग्रहालयांची नित्याची बाब आहे. छत्रपती संभाजीनगर येथील महापालिकेच्या सिद्धार्थ उद्यानातून 'शक्ती' व 'करिश्मा' ही वाघांची जोडी २०२० मध्ये मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आणली गेली. जागाबदलाचा ताण सुप्त विषाणूला जागा करू शकत असल्याने, मार्जारकुलातील प्राणी हलविताना विलगीकरण व लसीकरण यांना महत्त्व दिले जाते. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.