गोठ्याचा पाईप गळतो
नळ घरात. गोठा दूर. मधला पाईप मातीखाली. गोठ्यातली धार बारीक झाली, आणि भर उन्हाळ्यात वाटेतली माती ओली दिसली, तर समजावे, पाईप गळतो.

“पण काहून गळला?” कारण आपली जमीन! अचलपूरकडे काळी माती पुष्कळ. पावसाळ्यात ती फुगते. उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. या ओढाताणीत पाईपचे सांधे ढिले होतात.

“गळते तर गळू दे,” असे म्हणू नका. नळ गेला, की पाईप रिकामा होतो. मग आजूबाजूचे घाण पाणी त्याच भोकातून आत शिरते. तेच घरच्या नळाला येऊ शकते. त्याने हगवण, कावीळ, विषमज्वर होतो.

आधी चावी बंद करा. ओल्या जागी हलक्या हाताने खणा. प्लास्टिकचा पाईप असेल, तर फुटका तुकडा कापून काढा. टोके पुसून कोरडी करा. सोल्युशन लावून नवा तुकडा सॉकेटने जोडा. वाळू द्या. मग पाणी सोडा. सांधा कोरडा राहिला, तरच खड्डा बुजवा. पाईपच्या खाली-वर रेती घाला. म्हणजे माती हलली, तरी पाईपला ताण बसत नाही.

पहिले पाणी वाहून जाऊ द्या. आणि पाईप नीट होईस्तोवर पाणी उकळूनच प्या.