शिवणीत राहिलेला अर्धा पेनी

लीड्समधल्या एका चॅरिटी शॉपात हँगरवर जुना ट्रेंचकोट दिसला, आणि हात आपोआप आतल्या अस्तराकडे गेला. ही सवय आईची. पैठणी घेताना ती आधी पदर उलटा करून बघते, कारण हातमागावरची पैठणी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ असते. कपड्याचं खरंखोटं उलट्या बाजूला कळतं.

घरी आल्यावर कोट टेबलावर पसरला आणि दिवा जवळ ओढला. मानेपाशी लेबल होतं, ‘बर्बरीज’. नावाच्या शेवटी इंग्रजी ‘एस’. टॉमस बर्बरी यांनी १८५६ मध्ये बेसिंगस्टोकला सुरू केलेल्या या कंपनीने १९९९ मध्ये तो ‘एस’ गाळला. म्हणजे कोट त्याआधीचा. पण लेबल उसवून दुसऱ्या कोटाला लावता येतं, त्यामुळे एकट्या लेबलावर भिस्त ठेवून चालत नाही. भिंगातून त्याच्या कडा पाहिल्या. टाके सारखे, धागा एकच, आजूबाजूला जुन्या सुईची भोकं नाहीत. लेबल जागचं हललेलं नव्हतं.

मग कापड. हे गॅबर्डिन, बर्बरींनी १८७९ मध्ये काढलेलं. सूत विणण्याआधीच त्यावर पाणी न शिरण्याची प्रक्रिया करायची आणि मग ते घट्ट विणायचं, ही त्यातली युक्ती. आडवं बोट फिरवलं की विणीच्या बारीक तिरप्या रेघा लागतात. आतल्या पट्टीवर सुताबरोबर पॉलिएस्टर लिहिलेलं होतं. हा धागा इंग्लंडमध्ये १९४१ साली तयार झाला आणि बाजारात आला युद्धानंतर. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी ज्याला ट्रेंचकोट हे नाव दिलं, त्या पिढीतला हा कोट नव्हे.

थंडीसाठी आत लावायच्या सुट्या लोकरी अस्तरावर वूलमार्कची खूण होती, लोकरीच्या लडीसारखी वळणारी. ही खूण १९६४ सालची. पण सुटं अस्तर दुसऱ्या कोटाचंही असू शकतं. म्हणून ते लावून पाहिलं. प्रत्येक काज आपापल्या बटणावर नेमकं बसलं. काजांभोवती कापड जिथे झिजलं होतं, तिथेच कोटाच्या आतल्या बाजूलाही झीज होती. दोघं बरोबरच म्हातारे झाले होते.

पुढच्या बटणांपैकी एकाचा धागा मात्र वेगळा, जाड. ते नंतर कोणीतरी लावलेलं, म्हणून त्याची साक्ष मी धरली नाही. कोट त्याच्या सगळ्यात नव्या भागापेक्षा जुना असू शकत नाही, हा हिशेब खरा. पण तो भाग मूळचा आहे ना, हे आधी बघावं लागतं.

हाती आलं ते १९६४ ते १९९९. पस्तीस वर्षांचा काळ, फार मोठा.

खालची घडी चाचपताना बोटांना काहीतरी टणक लागलं. उजव्या खिशाचं अस्तर फाटलेलं होतं. त्यातून हात घातला, आणि बाहेर आलं नखाएवढं काळपट नाणं. अर्धा पेनी, १९७९. त्यावर ‘न्यू पेनी’ अशी अक्षरं. १९८२ पासूनच्या नाण्यांवर ‘न्यू’ हा शब्द नसतो. पुढे डिसेंबर १९८४ मध्ये अर्धा पेनी चलनातूनच बाद झाला. बाद नाणं खिशात घेऊन सहसा कोणी फिरत नाही. तेव्हा १९८४ संपायच्या आत हा कोट कोणाच्या तरी अंगावर होता, आणि त्याचा खिसाही तोवर फाटला होता, असं मी धरून चालले. पस्तीस वर्षांची वीस झाली. नवा खिसा फाटायलाही काही वर्षं लागतात, म्हणून माझा कौल सत्तरच्या दशकाला.

त्या रात्री खिसा शिवायला घेतला. शेवटचे चार टाके घालायच्या आधी नाणं परत त्याच कोपऱ्यात सरकवलं. पुढे कधीतरी दुसरं कोणी हा कोट उलटा करून बघेल. तेव्हा साक्षीदार जागेवर असायला हवा.