जुन्या वस्तूचं वर्णन : साचा ठेवा, पण रिकामा



मे महिना सरत आला की आपल्या कर्जत-खालापुरात दोन गोष्टींची घाई सुरू होते. पावसाआधी घर शाकारायचं आणि शाळेआधी वह्या-पुस्तकांचे पैसे उभे करायचे. अशा वेळी घरात पडून असलेलं सामान नजरेत भरतं. शिवाय आपल्याकडे फार्महाऊस इतकी झालीत, की तिथलं सामान बदललं की जुनं कपाट, मिक्सर, फ्रीज राखणीला असलेल्या घरात येतो. पूर्वी हे भंगारवाल्याकडे किलोवर जायचं. आता गटातल्या बायका फोटो काढून ओएलएक्सवर, फेसबुकवर नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. त्या फोटोखाली काय लिहायचं, यावर आज बोलू.

आधी आमची चूक सांगतो. गटातल्या एका ताईंचं शिलाई मशीन पटकन विकलं गेलं. वर्णन छान जमलं होतं, म्हणून आम्ही ते जपून ठेवलं आणि दुसऱ्या ताईंच्या मशीनखाली जसंच्या तसं चिकटवलं. त्यात एक वाक्य होतं, 'नुकतंच सर्व्हिसिंग केलेलं, टाका एकसारखा.' पहिल्या मशीनबाबत ते खरं होतं. दुसरं मशीन दोन पावसाळे पडवीत झाकून ठेवलेलं. बदलापूरहून एक बाई लोकलने आल्या, मशीन उचलायला भावाला घेऊन. कापडाचा तुकडा घालून बघितला, तर दर चार बोटांवर टाका सुटत होता. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आधी सांगितलं असतं तर दुरुस्तीचा हिशेब धरूनच आले असते," एवढंच म्हणाल्या आणि परत गेल्या. दोघांचं गाडीभाडं गेलं, भावाचा खाडा झाला. आमच्या ताईंना मुलीच्या फीसाठी ते पैसे हवे होते. त्यांना गटातून कर्ज घ्यावं लागलं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आम्ही चिकटवलेलं वाक्य खोटं होतं.

मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. वर्णन सांगून वस्तू विकली तर ती त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे 'जुनीच आहे, बघून घ्यायची होती' म्हणून हात झटकता येतीलच असं नाही.

तेव्हापासून आम्ही भरलेलं वर्णन साठवत नाही, साचा साठवतो. मोदकाचा साचा कुणी सारण भरून फडताळात ठेवत नाही, तसंच हे. वही-पेन घ्या, सावकाश सांगतो.

वस्तू आणि कंपनी : ______
घेतल्याचं साल : ______
चालवून पाहिल्याची तारीख, किती वेळ : ______
नीट चालतं ते : ______
खोट : ______
बदललेला किंवा दुरुस्त केलेला भाग : ______
सोबत मिळेल : ______
सोबत नाही : ______
किंमत : ______

यात 'चांगलं', 'मस्त', 'नव्यासारखं' असा एकही शब्द नाही, हे बघा. रकाना भरायचा राहिला तर रेघ तशीच दिसते आणि चूक घरातच सापडते. सगळ्यात कामाचा रकाना तारखेचा. तो भरायचा म्हणजे उठून वस्तू चालवावी लागते. घरघंटी असेल तर पसाभर नाही, किलोभर गहू दळा. सुरुवातीला सगळ्याच मोटरी गुणी असतात. फ्रीज रात्रभर लावून ठेवा आणि सकाळी बर्फ झाला का ते लिहा.

खोटेच्या रकान्यात बायका अडखळतात. 'थोडा गंज' लिहितात. थोडा म्हणजे किती? आपल्याकडच्या पावसात लोखंडाला गंज धरतोच, घेणाऱ्याला तेही ठाऊक असतं. त्याला जागा आणि माप हवं असतं. 'कपाटाच्या मागच्या पत्र्याला खाली गंज, तळहाताएवढा, भोक नाही.' 'डाव्या दारावर पोचा, रुपयाच्या नाण्याएवढा.' 'मिक्सरचं मोठं भांडं झाकणातून गळतं, रबर बदलावं लागेल.' शेजारी नाणं ठेवून त्या जागेचा फोटो दिवसाउजेडी काढा. खोट नसेल तर 'दिसली नाही' लिहा. 'नाही' आणि 'दिसली नाही' यात फरक आहे.

'सोबत नाही' हा रकाना आम्ही नंतर वाढवला. घरघंटीच्या जाळ्या, कपाटाची किल्ली, मशीनचं बॉबिन, यावरून दारात वाद होतात. आणि हो, शेगडी विकायला हरकत नाही, सिलिंडर मात्र विकायचा नाही. तो गॅस कंपनीचा असतो, आपण नुसती अनामत भरलेली असते.

खोट लिहिली की भाव पडतो, हे खरं आहे. ते मशीन आम्ही पुन्हा टाकलं तेव्हा 'दर चार बोटांवर टाका सुटतो, दोन पावसाळे बंद होतं' असं लिहिलं आणि पाचशे रुपये कमी सांगितले. नेरळच्या एका शिंप्याने दुसऱ्या दिवशी नेलं. त्याला दुरुस्ती येत होती. त्याने घासाघीस केली नाही.

साचा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा. गट मिळून विकत असाल तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' म्हणून साठवता येतो. हिंदीतही एक करून ठेवा, गिऱ्हाईक पनवेल-कल्याणकडूनही येतं. वर्णनात घराचा पत्ता घालू नका. वस्तू दाखवताना सोबत गटातलं कुणीतरी असू द्या.

एक सावधगिरी. न बघताच "घेतो, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा फसवणारा समजा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. वर सांगितलेल्या कायद्याचं साल आणि हा नंबर एकच आहे, तेवढा लक्षात राहील.

पुढच्या बैठकीला येताना विकायच्या वस्तूचा फोटो आणि वहीतला साचा आणा. खोटेचा रकाना आपण मिळून भरू.