दिवाळीनंतर पेरलेलं बी

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. गोकर्णीचं आणि सदाफुलीचं बी घरात पडून आहे, दिवाळी होऊन गेली, आता टाकलं तर वाया जाईल ना? प्रश्न बागेचा आहे खरा, पण 'उशीर' म्हणजे काय, हेही त्यात विचारलेलं आहे. म्हणून आज तोच घेऊ.

थंड देशांत बहुवर्षायू फुलझाडाची परीक्षा हिवाळा घेतो. जमीन गोठते, त्याआधी मुळं धरली नाहीत तर रोप गेलंच. आपल्या भंडाऱ्यात जमीन गोठत नाही. इथली परीक्षा वैशाखात, पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा. मग कार्तिकात पेरणाऱ्याला उशीर झाला तो कशाच्या हिशेबानं? पावसाच्या हिशेबानं झाला, कबूल. उन्हाळ्याच्या हिशेबानं त्याच्या हातात अजून चार-पाच महिने आहेत.

'शालिस्तंबसूत्र' नावाचं एक बौद्ध सूत्र आहे. शालिस्तंब म्हणजे भाताचं रोप, आपल्याकडचा पऱ्हा. धानाच्या या जिल्ह्यात, जिथं पवनीला १९६९-७० साली स्तूपाचं उत्खनन झालं, तिथं हे सूत्र परकं वाटायचं कारण नाही. त्यात बीज हा हेतू, आणि अंकुराला लागणारे प्रत्यय सहा: पृथ्वी, पाणी, उष्णता, वारा, आकाश आणि ऋतू. ऋतू हा उष्णतेहून वेगळा मोजलाय, हे लक्षात घ्या. सांख्य म्हणतील, झाड बीजात आधीपासूनच आहे. असेल, पण बागेपुरतं मला सहा प्रत्ययांचं म्हणणं जास्त पटतं. माती, पाणी तुम्ही देऊ शकता. ऋतू आणता येत नाही, त्याची सोय तेवढी बघता येते.

आता ती सोय कशी बघायची? ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती अजून उबदार असते, तेवढ्यात बी रुजवून घ्यायचं. गोकर्णीचं कवच टणक. पॉलिश पेपरवर जरा घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सदाफुलीचं बी बारीक, पण ते अंधारात रुजतं, म्हणून वर मातीचा पातळ थर हवाच. पारिजातकाला घाई करू नका, तो आपल्या वेळेनं येतो. डिसेंबर निम्मा सरला असेल तर मात्र बी डबीत ठेवा आणि फेब्रुवारीची वाट बघा.

रोप चार-सहा पानांचं झालं की थंडी येते, आणि ते थांबतं. इथं लोक घाबरतात. सदाफुलीची पानं पिवळी पडली की भूक लागली समजून खत घालतात, वर पाणी. अहो, गार मातीत मुळं कामच करीत नाहीत, ती खाणार काय? थंडीनं क्वचितच रोप मरतं; जास्त मरतं ते ओल्या, गार मातीत बुरशी येऊन. बुंध्याशी काळं पडतं आणि रोप कोलमडतं. पाणी सकाळी, वरची माती सुकल्यावरच. बांधीतली चिकण माती पिशवीत नुसती भरू नका, निम्मी वाळू मिसळा.

कधीकधी थंडी खरोखर कडाक्याची पडते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले. अशा रात्री मोकळ्या आकाशाखालची जमीन आपली ऊब वर सोडून देते. रोपं दिवसा ऊन खाल्लेल्या भिंतीलगत, पडवीत ठेवा, किंवा काड्यांच्या आधारानं वर तणस पसरा. सकाळी काढायला विसरू नका.

फेब्रुवारीत नवी पालवी दिसते आणि हात शिवशिवतात, रोप जमिनीत लावून टाकावंसं वाटतं. लावू नका. पुढं तीन महिने ऊन आहे. पिशवी मोठी करा, एप्रिलपासून दुपारची सावली द्या, आता पाणी रोज. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की मग खड्डा करा. शेजारी त्याच दिवशी बी टाकील, तेव्हा तुमचं रोप सात-आठ महिन्यांचं असेल.